आप्पांच्या गालातलं चिंगम

"च्युइंगमचा माणसाला एकही फायदा नाही!" हे वाक्य मी लिहिलं, जाड अक्षरांत छापून घेतलं आणि रंकाळ्यावर उभी राहून स्वतःच्या हाताने वाटलं. ते चूक होतं. बाकीचं पत्रक बरोबर होतं, त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण हे एक वाक्य मागे घेते, आणि ते का घ्यावं लागलं तेही सांगते. दुसऱ्याला भर चौकात जाब विचारायचा आणि आपल्यावर वेळ आली की तोंड शिवून बसायचं, हे धंदे पुढाऱ्यांचे. माझे नव्हेत.

आमच्या घरात चिंगम तोंडावाटे आलंच नाही. ते पँटच्या बुडाला चिकटून आलं.

माझे वडील, आप्पा, टेलर आहेत. मंगळवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. कटिंगचं टेबल, दोन मशिनी, एक आरसा, गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल आणि माप द्यायला किंवा कपडे बदलायला आडवा लावलेला एक पडदा, एवढंच. शिवायला लोक येतात ते ताठ मानेने येतात. चिंगमवाले तसे येत नाहीत. ते भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे आत शिरतात.

"मामा, जरा बघा की. बसमधी बसलो आनि हे असं झालं."

मग त्या माणसाला पडद्याआड टॉवेल गुंडाळून उभं करायचं. शेजारच्या सरबताच्या गाड्यावरून बर्फ आणायचा, पिशवीत बांधून त्या जागेवर ठेवायचा आणि चिंगम खड्यासारखं कडक झालं की ब्लेडच्या पाठीने अलगद खरवडायचं. घाई केली की कापडाची लव निघते आणि तिथे कायमचं टक्कल पडतं. आप्पा ह्याचे पैसे घेत नाहीत. "माणूस आधीच उघडा पडलाय," म्हणतात, "त्येला आनि काय कापायचं?"

एकदा एक हेडमास्तर आले होते. बागेतल्या बाकावर बसले आणि चिकटले. बर्फ मिळेना, म्हणून अर्धा तास ते टॉवेलवर पडद्याआड उभे होते, आणि तिथूनच, नुसतं डोकं बाहेर काढून, ते मला म्हणाले, "शिस्त उरली नाही हो कुणाला." खाली टॉवेल आणि वर शिस्त. आप्पांना हसू आवरेना म्हणून ते मशीनच्या तेलाचं निमित्त करून खाली वाकले. मला मात्र हसू आलं नाही. मला राग आला. शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणाच्या तरी तोंडातल्या चोथ्यामुळे टॉवेलवर उभं राहावं लागतं, ते हे शहर किती दिवस चालवून घेणार? तिथेच, कटिंगच्या टेबलावर, खडूने मी पहिली ओळ लिहिली.

माझं सगळं लिहिणं ह्याच टेबलावर झालं. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. आम्ही पत्रकं काढतो. खड्ड्यांवर काढली, डॉल्बीवर काढली, थुंकण्यावर काढली. "थुंकणाऱ्यांनो, हे शहर तुमची पिंकदाणी आहे काय?" हे माझंच वाक्य. पत्रकाचा नियम साधा असतो: वाक्य लहान, उद्गारचिन्ह मोठं. "कदाचित" हा शब्द पत्रकात चालत नाही. "काही जणांना" हाही चालत नाही. जागा खातात, आणि वाचणाऱ्याला पळवाट मिळते.

थुंकण्याचं पत्रक मी आप्पांच्या दुकानाच्या भिंतीवर चिकटवलं होतं. त्याच्या बरोबर खाली, पायरीवर बसून आप्पा आणि काका रोज तंबाखू मळायचे.

काका म्हणजे समोरचे सायकल दुरुस्तीवाले. सख्खे नव्हेत, पण सख्ख्यापेक्षा जास्त बोलतात. त्या दोघांचा तंबाखूचा व्यवहार मला कळायला लागल्यापासून एकच होता: तंबाखू आप्पांची, चुना काकांचा. काकांनी कधी तंबाखू विकत घेतली नाही आणि आप्पांनी कधी चुना बाळगला नाही. काकांची अॅल्युमिनियमची लांबट डबी होती, दोन्ही टोकांना झाकणं असलेली. एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला चुना, असली. पण काकांच्या डबीची तंबाखूची बाजू कायम रिकामी. सकाळी अकराला आणि दुपारी चारला काका रस्ता ओलांडून यायचे, डबीचं चुन्याचं टोक उघडायचे, आप्पा पुडी काढायचे, एकाच तळहातावर दोघांचा माल मळला जायचा, दोन टाळ्या मारून धूळ उडवली जायची आणि दोन चिमटी दोन ओठांत जायच्या. मग पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. ती पाच मिनिटं म्हणजे त्यांची मैत्री.

मी म्हणायची, "भिंतीवर काय लिहिलंय ते तरी वाचा."

काका म्हणायचे, "वाचलंय की. आमी थुकत न्हाई. गिळतो."

मग आप्पांच्या तोंडात पांढरा डाग आला.

खालच्या ओठाच्या आत, जिथे चिमूट बसायची तिथेच. आप्पांना तो दिसला दुकानातल्याच आरशात, आणि त्यांनी तो आठ दिवस कुणाला सांगितला नाही. आईला कळलं ते आप्पा आमटी गार करून खायला लागले तेव्हा. कोल्हापुरात माणूस तांबड्या रश्श्याला घाबरायला लागला की घरच्यांनी समजून घ्यायचं असतं. आईने मला हाक मारली आणि म्हणाली, "मी आता न्हाई ऐकून घेनार. तू घिऊन जा ह्यास्नी. मी सांगतो तसं कर."

राजारामपुरीत एक दातांच्या डॉक्टरीण बाई आहेत. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आप्पांना आ करायला लावलं, पट्टी लावून तोंड किती उघडतं ते मोजलं आणि मिलिमीटरमध्ये काहीतरी म्हणाल्या.

आप्पा आ तसाच ठेवून म्हणाले, "इन्तात तांगा."

"काय?"

"इंचात सांगा म्हणतायत," मी म्हणाले. "टेलर आहेत."

"पावणेदोन इंच. म्हणजे उघडतंय चांगलं." मग त्यांनी पट्टी खाली ठेवली. "पण हा डाग मला आवडलेला नाही. तंबाखू आजपासून बंद. सहा आठवड्यांनी परत या. तेव्हाही असाच दिसला, तर छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

आप्पांनी आयुष्यभर कापडाचे तुकडे काढले. पण हा "तुकडा" ऐकून त्यांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. टेप ते दुकानाबाहेरही गळ्यात घालूनच फिरतात, जानव्यासारखी. तिचं टोक त्यांनी मुठीत धरून ठेवलं. ते घाबरलेले मी पहिल्यांदा पाहत होते. मला एकदम कळलं की सहा आठवड्यांत हा माणूस तंबाखूपासून सुटला पाहिजे. बाकी सगळं नंतर.

"एकदम सोडणं जड जाईल," डॉक्टरीण बाई म्हणाल्या आणि चिठ्ठीवर लिहायला लागल्या. "तल्लफ आली की हे घ्यायचं. निकोटिनचं च्युइंगम आहे. पाकिटात कागद असतो, तो नीट वाचा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी चिठ्ठीकडे बघितलं. त्याच सकाळी पत्रकांचा गठ्ठा छापखान्यातून आला होता आणि आमच्या कटिंगच्या टेबलाखाली सुतळीने बांधून ठेवला होता. सगळ्यात वर, जाड अक्षरांत: "च्युइंगमचा माणसाला एकही फायदा नाही!"

"ते औषध आहे," मी आप्पांना जिन्यावर म्हणाले. "ते वेगळं."

"मी कुटं काय म्हनलं?" आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काका रस्ता ओलांडून आले. डबी उघडली. आप्पांनी खिशातून पुडीऐवजी पाकीट काढलं, एक वडी बाहेर काढली, डाव्या तळहातावर ठेवली आणि उजव्या अंगठ्याने मळायला सुरुवात केली.

मी मशीनपाशी बसून बटणं लावत होते. मी आधी बघतच राहिले. त्यांनी ती वडी मळली, उलटी केली, पुन्हा मळली, दोन टाळ्या मारल्या, नसलेली धूळ उडवली आणि काकांपुढे हात केला. "घ्या." चाळीस वर्षांची सवय. तळहातावर जे असेल त्यातलं निम्मं समोरच्याचं.

काकांनी त्या चपट्या झालेल्या वडीकडे बघितलं. "ह्येला चुना लागतोय का?"

"न्हाई वाटतं."

"मग माझं काय काम हितं?" काका म्हणाले, पण बसून राहिले.

आप्पांनी वडी तोंडात टाकली, चार-पाच वेळा हळू चावली आणि गालात दाबून गप्प बसले. डोळे मिटून. अगदी तंबाखूसारखे.

"आप्पा!" मी ओरडले. "चिंगम चघळायचं असतं! दाबून काय ठेवताय?"

"मऊ झालं की दाबून ठिवायचं. हळूहळू उतरतंय ते."

"ही तंबाखू नाही. चघळा. सारखं चघळा. थांबायचं नाही."

"थांबायचं न्हाई म्हंजे?" काका म्हणाले. "म्हस बी रवंथ करताना मधीअधी थांबती, बाई."

पण माझ्यापुढे कुणाचं चालतं? ज्या पोरीने च्युइंगमवर पत्रक काढलंय तिला च्युइंगम कळत नाही, असं कसं होईल? मी आप्पांवर पहारा बसवला. जबडा थांबला की मी बोट दाखवायची. आई घरी बोट दाखवायची. आप्पा बिचारे शिलाई मारताना चघळायचे, काज करताना चघळायचे, मशीनचा पाय आणि तोंड एका तालात चालायचं. आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांना उचकी लागायला लागली.

साधीसुधी नाही. अंगभर. उचकी आली की टेप गळ्यातून उडायची.

"कोन तरी आठवन काढतंय," आई म्हणाली.

"इतकी?" आप्पा म्हणाले. "उक्. एवढी माझी आठवन काढनारं हाय कोन?"

पाणी पाजलं. साखर दिली. श्वास कोंडायला लावला. काकांनी मागून येऊन टायर फुटल्यासारखा आवाज काढला, त्याने आप्पा दचकले, दुकानातलं गिऱ्हाईकही दचकलं, उचकी तशीच. चिंगममुळे होत असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं आणि मी ते आत येऊ दिलं नाही. "तंबाखू सुटताना असं होतं," मी ठासून सांगितलं. मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पत्रकं लिहून लिहून माणसाला अशी सवय लागते की वाक्य ठाम आलं की ते खरंच वाटायला लागतं.

अशातच रविवार आला. मी गठ्ठा घेऊन रंकाळ्यावर गेले. आणि त्याच सकाळी दुकानात शिरोळकडचा एक नवरदेव आला, मामासोबत, लग्नाचा नेहरू शर्ट शिवायला.

आधी रंकाळ्याचं सांगते. माझा अपमान तिथे आधी झाला.

पत्रक देताना मी प्रत्येकाच्या डोळ्यांत बघते. घडी घालून खिशात घातलं तर ठीक. न वाचता टाकलं तर मी उचलून परत देते. त्या सकाळी एक धिप्पाड गडी जबडा हलवत आला. तालमीतला असावा, कान चपटे झालेले. मी पत्रक दिलं. त्याने वरची ओळ वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग पत्रकाचा कोपरा फाडला, तोंडातलं चिंगम त्यात काढलं, नीट गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आणि उरलेलं पत्रक खिशात घातलं.

"कागद बरा हाय, ताई," तो म्हणाला. "चिकटत न्हाई."

त्याच्या मागून येणारीने ते बघितलं आणि तिनेही तेच केलं. मग आणखी एकाने. अर्ध्या तासात माझ्याकडे माणसं आपणहून यायला लागली. हातातली पत्रकं इतक्या झपाट्याने संपताना मी कधी बघितली नव्हती. पण मला वाटत होतं, माझ्या तोंडावर माझ्या शब्दांत थुंकतायत. तेवढ्यात एका कॉलेजच्या मुलीने सगळं पत्रक वाचलं, मागची बाजूसुद्धा, आणि विचारलं, "एकही फायदा नाही असं लिहिलंय. आमच्या भावानं तंबाखू सोडली ती चिंगमवर. मग ते?"

"अपवाद," मी म्हणाले.

"मग एक तरी हाय म्हणा की."

मी उरलेला गठ्ठा काखेत मारला आणि घरी निघाले.

बोळाच्या तोंडाशी काका हवा भरत बसले होते. मला बघून त्यांनी पंप थांबवला. "ये की. जिंकलो आमी."

"काय जिंकलो?"

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. न विचारता, एकेक करून. नवरदेव स्टुलावर बसला होता. कापड भारी होतं, मऊ, हस्तिदंती रंगाचं. मामाने ते घडीतून असं काढलं जणू आतून नवरीच निघणार आहे. आप्पांनी माप घेतलं, ते उचकीतच घेतलं. "छाती चव्वेचाळीस, उक्, बाही पंचवीस, उक्." मामा म्हणाला, "पावणं, ह्यातली उचकी धरायची का सोडायची?" इथपर्यंत सगळे हसत होते. मग कापड टेबलावर पसरलं. आप्पांनी खडू लावला आणि उचकी आली. खडूची रेघ खांद्यावरून सरळ गळ्यात गेली. पुसली. पुन्हा लावली. पुन्हा गेली. मग त्यांनी कात्री उचलली, कापडापर्यंत नेली, आणि परत टेबलावर ठेवली.

"आज हात माझा न्हाई," म्हणाले.

चाळीस वर्षांत आप्पांनी कात्री उचलून परत ठेवलेली काकांनी बघितली नव्हती. ते रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने तंबाखूची पुडी घेतली, स्वतःचा चुना लावला, स्वतःच्या हातावर मळली, आणि हात आप्पांपुढे धरला.

"मग?"

"मग काय? चिमूट लावली, चिंगम थुकलं, दहा मिन्टांत उचकी गेली, आनि एका दमात कापड कापलं. सरळ. सुतासारकं." काकांच्या तोंडावर मोठा आनंद होता. "तुझ्या चिंगमनं उचकी, माझ्या चिमटीनं शर्ट."

मी दुकानात शिरले. आप्पा बाह्या जोडत होते. खालचा ओठ फुगलेला.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पत्रकाच्या भाषेत बोलले. उद्गारचिन्हांसकट. आप्पा मशीन चालवत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी पाय थांबवला आणि म्हणाले, "तुला डाग दिसतोय. मला बी दिसतोय, रोज त्या आरशात. पर हात उडाला तर मी करू काय? तू म्हनशील तसं चघळलं. सांगशील तेवढं चघळलं. आता न्हाई जमत. चिंगम तुझं तू ठेव." आणि पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

पाच आठवडे उरले होते.

मी ते पाकीट घेऊन पायरीवर बसले, भिंतीवरच्या माझ्याच पत्रकाखाली. रागाने उघडलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि आतून एक घडी पडली. सिगारेटच्या कागदासारखा पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं, आठ घड्या. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या तोच. आम्ही तो उघडलाच नव्हता. मी उघडला नव्हता! माझी पत्रकं कुणी वाचत नाही म्हणून गावाला शिव्या देत फिरणाऱ्या मी, माझ्या बापाच्या जिवाचं एक पत्रक घडीही न मोडता पाकिटात राहू दिलं होतं.

कागद उन्हात धरून मी वाचला. हळू चावा. जिभेला झिणझिण्या आल्या की थांबा. मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. चव कमी झाली की पुन्हा थोडं चावा, पुन्हा दाबून ठेवा. भराभर आणि सारखं चघळत राहू नका. तसं केल्यास, आणि हे मी दोनदा वाचलं, उचकी लागू शकते.

म्हणजे आप्पांनी पहिल्या दिवशी जे केलं, मळणं आणि टाळ्या सोडून, ते अक्षर न अक्षर बरोबर होतं. चाळीस वर्षं तंबाखू गालात ठेवलेल्या माणसाला जे आपोआप जमलं, ते मी त्यांच्याकडून बोट दाखवून दाखवून सोडवलं. पुडी काकांनी आणली. पण आप्पांना त्या पुडीपर्यंत ढकललं मी.

माफी मागायची मला सवय नाही. आमच्या गटात कुणालाच नाही. निषेध करता येतो, जाहीरही करता येतो, पण चूक झाली हे कसं लिहायचं ते कुणी शिकवलेलं नाही. शेवटी मी आत जाऊन टेबलासमोर उभी राहिले आणि तो कागद मोठ्याने वाचला, सभेत वाचतात तसा. मशीन थांबली. समोरून काकाही उठून आले.

"परत वाच," आप्पा म्हणाले.

मी परत वाचला.

"दाबून ठिवायचं, त्येच्यापासनं वाच."

तिसऱ्यांदा वाचला.

"म्हंजे मी बरोबर हुतो."

"हो."

"आनि तू?"

"मी नव्हते."

"हे कुटं लिवलंय त्यात?" आप्पा म्हणाले. मग उठले, दुकानामागच्या मोरीपाशी जाऊन चूळ भरली, एकदा नाही चार वेळा, आणि पाकीट माझ्या हातातून परत घेतलं. वडी तळहातावर ठेवली. अंगठा आपोआप फिरायला लागला. मी काही बोलले नाही. मळण्याबद्दल त्या कागदात काहीही लिहिलेलं नव्हतं.

उचकी दोन दिवसांत गेली. पण काकाही गेले.

म्हणजे दुकान होतं तिथेच होतं, रस्त्यापलीकडे, बारा पावलांवर. पण अकरा वाजले की ते पाठ करून बसायचे. आप्पांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "माझ्याम्होरं मळू नगंस. वास आला की जीव जातोय माझा." काकांनी ते मनाला लावून घेतलं. आपला हात नाकारला म्हणजे आपल्यालाच नाकारलं, असला हिशेब. त्यांच्याकडे स्वतःची पुडी होती, स्वतःचा चुना होता, आणि मळायला एकाच माणसापुरती चिमूट. दोन-तीनदा मी बघितलं, मळून झाल्यावर त्यांचा हात सवयीने बाजूला जायचा आणि तिथे कुणी नसायचं. एकदा त्यांनी तो हात पंक्चर काढायला आलेल्या एका अनोळखी माणसापुढे धरला. "घ्या, पावणं." तो नको म्हणाला. हल्ली लोक नको म्हणतात.

आप्पांना तल्लफ तंबाखूची कमी आणि अकरा वाजताची जास्त येत होती. हे माझ्या लक्षात आलं, ते गालात वडी ठेवून समोरच्या पाठीकडे बघत बसायचे तेव्हा. च्युइंगमचे तोटे मी पत्रकात नऊ लिहिले होते. कापड खराब होतं, बाक खराब होतात, चपलेला चिकटतं, वगैरे. खरा तोटा त्यात नव्हता: ते वाटून खाता येत नाही. एक वडी एका तोंडाची. त्याने माणूस तंबाखूपासून सुटतो, आणि पायरीवरून पण सुटतो.

आठव्या दिवशी आप्पा उठले आणि स्वतःच रस्ता ओलांडून गेले. मी दारातून ऐकत होते.

"डबी दे तुझी."

"कशाला?"

"दे की."

"चुना हाय त्यात."

"काढून टाक. माझं चघळून झालेलं कुटं टाकू? पोरगी आमची थुकू देत न्हाई, टेबलाखाली लावू देत न्हाई. एका बाजूला नवीन ठिवतो, एका बाजूला जुनं. तुझी एक बाजू तर जन्मापासनं मोकळीच हाय."

काका म्हणाले, "आनि मी चुना कशात ठिवू?"

"नगंच ठिवू."

बराच वेळ नुसता पंपाचा आवाज आला. संध्याकाळी काका आले, डबी घासून लखलखीत केलेली. आप्पांनी माझ्या उरलेल्या गठ्ठ्यातलं एक पत्रक घेतलं, नागमोडी कडा पाडणाऱ्या कात्रीने त्याचे चौकोन कापले आणि चघळलेलं चिंगम डबीत चिकटू नये म्हणून एकेक त्यात गुंडाळायला सुरुवात केली. माझी वाक्यं. कडेला सुंदर नक्षी. ते चौकोन मी आता रंकाळ्यावरही नेते. कापण्याआधी वरची ओळ मात्र प्रत्येक पत्रकावर पेनने खोडते, सगळ्यांवर, कारण चूक छापली तेवढ्यांदाच ती खोडायला पाहिजे.

सहा आठवडे झाल्यावर आम्ही राजारामपुरीत गेलो. आप्पा, मी, आणि काका. काका "फकस्त सोबत" आले होते. ते बाकड्याच्या अगदी टोकाला बसले, दाराकडे तोंड करून.

डॉक्टरीण बाईंनी दिवा आप्पांच्या तोंडावर घेतला. ओठ उलटा केला. बघितलं. कापसाने पुसलं, पुन्हा बघितलं. आप्पांच्या मुठीत टेपचं टोक होतं. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्रातली दाढ मोजत होते, एकच दाढ, पुन्हा पुन्हा.

"फिकट झालाय," त्या म्हणाल्या. "बराच. आत्ता तुकडा काढायची गरज मला वाटत नाही. पण तंबाखूला हात लावायचा नाही, च्युइंगम हळूहळू कमी करायचं, आणि दोन महिन्यांनी परत दाखवायचं. मध्ये काही वेगळं वाटलं तर लगेच."

आप्पांनी मूठ सोडली. टेपच्या टोकाची पितळी पट्टी तळहातावर उमटली होती. खुर्चीतून उतरताना त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "दिवा लई जवळ हुता."

मग डॉक्टरीण बाईंनी दाराकडे बघितलं. "आणि हे कोण?"

"सोबत," काका ओठ न उघडता म्हणाले.

"किती वर्षं खाता?"

"मी चुनाच देतो फकस्त."

"या इकडं. बसा."

काका आप्पांकडे बघायला लागले, आप्पा छताकडे. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. काका बसले. दिवा फिरला.

"आ करा."

काकांनी केला, जेमतेम. बाई पट्टी शोधायला वळल्या, तोवर आप्पांनी गळ्यातली टेप काढली होती. वरच्या दाताला एक टोक, खालच्या दाताला बोट, डोळा बारीक. आयुष्यभर ज्याच्याबरोबर एका तळहातावरचं खाल्लं, त्याच्या तोंडाचं माप त्यांनी दोनदा घेतलं, कारण पहिलं त्यांना पटलं नाही.

"सव्वा इंच," ते हळू म्हणाले. मग वही नव्हती तरी सवयीने माझ्याकडे वळून, "लिवून घे. आनि त्या पाकिटातला कागद ह्येला आदी वाचून दाखव."